पावसात उतरलेली नीळ

इथलं फेब्रुवारीतलं ऊन अंगाला लागत नाही, नुसतं दिसतं. पण दिसतं ते फार स्वच्छ. आज सकाळी मागच्या अंगणातल्या दोरीवर माझा एक पांढरा शर्ट वाळत घातला आणि मागे सरून सहज वर पाहिलं, तर तो पांढरा नव्हता. मळकाही नव्हता. जुन्या पुस्तकाच्या पानांच्या कडा नकळत पिवळसर होत जातात, तसा तो झाला होता. शेजारी दुसरा लावून पाहिला, मग आणखी एक. सगळे तसेच. साबण तोच, मशीन तेच, पाणी तेच. धुणारे हात तेवढे बदललेले. ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. या वर्षात घरातल्या कितीतरी गोष्टी थांबल्या, आणि थांबल्यावरच मला कळलं की त्या कुणीतरी करत होतं. मी आयुष्यभर समजत आलो की पांढरा शर्ट आपोआप पांढरा राहतो.

वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे. इथल्या जुन्या घरांत ते असतंच. टाकीच्या उबेवर टॉवेल-चादरी कोरड्या राहाव्यात म्हणून वर फळ्या मारलेल्या असतात, आणि हिवाळ्यात घरातली सगळ्यांत उबदार जागा तीच. हिच्या हयातीत मी ते कपाट क्वचितच उघडलं असेन. आज उघडलं, आणि टॉवेलांच्या मागे निळीची बाटली सापडली. मूठभर उंचीची, प्लास्टिकची, झाकणाच्या कडेला निळं किटण धरलेली. भारतातून येताना हिच्या सामानात दर वेळी अशी एक बाटली असायची, पिशवीत पिशवी घालून गाठ मारलेली, साड्यांपासून लांब ठेवलेली. हलवून पाहिली तर आवाज आला नाही. तळाशी नीळ वाळून तिची पापडी झाली होती. निळीला म्हणावा असा वास नसतो. पण झाकण उघडलं आणि मला वास आला तो ओल्या चिखलाचा, चिरडलेल्या गवताचा, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चोळायच्या झणझणीत मलमाचा. त्या वासामागोमाग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा एक सबंध हिवाळा आला.

तेव्हा मी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होतो. माझं काम काचपट्ट्यांशी. माणसाचा तुकडा माझ्यापर्यंत येई, माणूस येत नसे, आणि माझ्या स्वभावाला ते मानवलं होतं. मला कुणाशी न बोलता दिवस काढता येतो. घरी पुस्तकं होती, पिनरच्या या गल्लीत शांतता होती, मला आणखी काही लागत नव्हतं. हिला लागत होतं. ही सांगलीच्या भरल्या घरातली, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गेली तरी वाटेतल्या चार घरांची खुशाली घेऊन येणारी. इथे आल्यावर ही हळूहळू गप्प होत गेली. मुलगा लहान होता तोवर त्याची शाळा, त्याचे डबे, त्याचं आजारपण यांत ते झाकलं गेलं. मग तो इंजिनिअरिंग शिकायला बर्मिंगहॅमला गेला. त्याला होस्टेलवर सोडून परत येताना मोटरवेवर पाऊस लागला. बराच वेळ ही वायपरकडे बघत होती. मग म्हणाली, “अहो, आता इथे कुणासाठी राहायचं?”

 नाशिकला माझ्या वर्गमित्राने नवं हॉस्पिटल काढलं होतं. तो फोनवर दर वेळी विचारायचा, “येतोस का बोल. मे अखेरपर्यंत जागा धरून ठेवतो.” मी म्हटलं, जाऊ. ही म्हणाली, जाऊ. दोघांनीही ते इतक्या सहज म्हटलं, की म्हणताना दोघांपैकी कुणी आनंदलं नाही हे लक्षातच आलं नाही. मला वाटलं, आपण हिच्यासाठी निघालो आहोत. हिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचे रक्तदाब विचारत, इच्छा विचारत नसत.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मी कामावरून आलो तर बाथरूममधून चिखलाचा वास. आमचा टब त्या काळच्या फॅशनप्रमाणे हिरवा होता, पिकत आलेल्या पेरूच्या सालीसारखा, आणि त्यात चिखलाने लडबडलेल्या शर्टांचा ढीग भिजत पडला होता. ही बाह्या वर करून त्यावर वाकलेली.

“हे कुणाचं?”

“फुटबॉलचं.”

“कुठल्या फुटबॉलचं?”

“अहो, शेजारची मुलगी खेळते ना! गोलकीपर आहे. आज तिच्या आईची धुवायची पाळी, आणि त्यांचं मशीन बंद पडलंय. मी म्हटलं, द्या इकडे.”

“अगं, पण सगळ्या टीमचे?”

“मग काय तिचा एकटीचा धुऊन बाकीच्यांचे तसेच परत देऊ?”

शेजारच्या बाई विधवा होत्या. मुलगी बँकेत नोकरीला. उंच, लाजाळू, कुंपणापलीकडून हात हलवणारी. ती फुटबॉल खेळते हे आम्हाला ठाऊक होतं, पण शेजाऱ्यांची पोरगी बॅडमिंटन खेळते तसं. तिची टीम देशातल्या बायकांच्या सगळ्यांत वरच्या डिव्हिजनमध्ये आहे, हे मला त्या टबाशेजारी उभं असताना कळलं. मी चक्रावलो. सगळ्यांत वरची डिव्हिजन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची स्टेडियमं, दिव्यांचे खांब, हजारो माणसं. इथे तर एकच जोड होता कपड्यांचा, तोही कुठल्याशा पुरुषांच्या क्लबने टाकून दिलेला, जाड सुती, आणि तो दर आठवड्याला पाळीपाळीने कुणाच्या तरी आईच्या मशीनमध्ये जायचा. देशभराची लीग नुकतीच सुरू झाली होती, आणि मोसमाअखेर तळाला राहणाऱ्या टीमला खालच्या डिव्हिजनमध्ये जावं लागे. मुली नोकऱ्या करून रविवारी व्हॅनमध्ये बसून गावोगाव जायच्या, खेळायच्या, रात्री परत येऊन सोमवारी कामावर. कॅप्टन पोस्टात होती. पहाटे टपाल वाटायची आणि संध्याकाळी दिव्याखाली सराव घ्यायची. मैदान कालव्याच्या कडेला, कौन्सिलचं. प्रेक्षक म्हणजे आयाबाया, दोनचार नवरे, आणि कुत्री फिरवायला आलेले लोक, जे गोल झाला तर थांबत आणि कुत्र्याने ओढलं तर जात.

ते मशीन दुरुस्त झालं, पण कपडे आमच्याकडेच येत राहिले. ही म्हणे, माझा टब मोठा आहे. दर सोमवारी बाई कुंपणावरून पिशवी द्यायच्या, गुरुवारी ही घड्या परत करायची. मधले दिवस आमच्या घरातल्या प्रत्येक रेडिएटरवर कुणाचा ना कुणाचा शर्ट असे. मी वाचत बसायचो त्या खोलीत माझ्या पुस्तकांसमोर सात नंबर वाळत असायचा. आठवड्यांमागून आठवडे हरणारी टीम ती. ही कपड्यांवरून सामना सांगायची. “आज पाठीला चिखल आहे सगळ्यांच्या. पडल्यात बिचाऱ्या.” किंवा, “नऊ नंबर कोरडाच आहे. हिच्यापर्यंत बॉल गेलेलाच दिसत नाही.” मग एका रविवारी ही साडीवर जाड कोट आणि पायात मुलाचे जुने बूट घालून सामन्याला गेली. परत आली तेव्हा गाल लाल होते. गारठ्याने, असं मला वाटलं.

आपल्या लोकांत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये चकल्यांच्या टेबलापाशी आमच्या ओळखीतले एक सर्जन मोठ्याने म्हणाले, “वहिनी, खरं का हो? डॉक्टरांनी तुम्हाला लाँड्री काढून दिली म्हणे!”

लोक हसले. ही म्हणाली, “हो ना भावोजी. तुमचे थिएटरचे गाऊन असतील तर द्या पाठवून. ओळखीच्यांना थोडं स्वस्त लावते.”

आणखी हसले. पण सर्जनांच्या बायकोला राहवेना. “अगं, पण परक्या बायकांचा घाम! डॉक्टरची बायको तू. शोभतं का?”

“घाम काय,” ही म्हणाली, “सगळ्यांचा खारटच.” आणि चकलीचा तुकडा तोंडात टाकला.

गाडीत मात्र ही बोलली नाही. मीही नाही. बोलायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी आल्यावर हिने शालू बदलला आणि थेट बाथरूममध्ये जाऊन भिजवलेल्या शर्टांचं पाणी बदललं.

शर्ट जुने. कितीही धुतले तरी करडे, पिवळट. हिला ते सहन होईना. “आपण घरी पांढरं धोतर असं घालून कुणाला बाहेर जाऊ दिलं असतं का? आणि या पोरी देशभर फिरणार!” जानेवारीत एका बुधवारी हिने निळीची बाटली काढली. नीळ घालण्याचं एक शास्त्र आहे, आणि ते हिला आईकडून आलेलं. बादलीभर पाण्यात काही थेंब, हाताने ढवळायचं, मग ओंजळीत पाणी घेऊन बघायचं. आभाळाची नुसती आठवण व्हावी इतकाच रंग हवा. पण ते शास्त्र बादलीचं. हिरव्या टबात पाण्याचा रंग काही केल्या दिसेना. निळी झाक हिरव्यात मिसळून जाई, आणि बाहेर दिवस मावळलेला, वर पिवळा दिवा. हिला वाटलं, चढलीच नाही. ही थेंब घालत गेली. संध्याकाळी कपडे रेडिएटरवर गेले, दुसऱ्या दिवशी अंधार पडताना घड्या झाल्या. दिव्याखाली ते पांढरेशुभ्र दिसत होते. मला हाक मारून हिने दाखवले होते. “बघा. याला म्हणतात पांढरं.”

त्या रविवारचा सामना दुसऱ्या गावी होता. मी गाडी चालवत हिला घेऊन गेलो. मुली कपडे बदलून उजेडात आल्या आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. सगळे शर्ट निळे होते. एकसारखेही नाहीत. कुणाचा खांदा गडद, कुणाची पाठ फिकी, कुणाची बाही पांढरी राहिलेली. समोरची टीम तर मुळातच आकाशी रंगाच्या शर्टांची. रेफरीने शिट्टी तोंडातून काढली, दोन्हीकडे पाहिलं आणि मान हलवली. कोण कुणाचं ते ओळखू येणार नाही, पाहुण्यांनी कपडे बदलावेत. बदलायला दुसरे होते कुठे? शेवटी समोरच्यांनी कुठल्याशा खोलीतून जुने पिवळे शर्ट आणून दिले, पुरुषांचे, गुडघ्यांपर्यंत येणारे. बाह्या दुमडत, शर्ट खोचत मुली उशिरा मैदानात उतरल्या आणि सपाटून हरल्या. ही शेवटपर्यंत मैदानाच्या कडेला उभी होती. कोटाच्या खिशांत हात घालून, पुतळ्यासारखी.

परतीच्या वाटेवर म्हणाली, “आता नाही देणार माझ्याकडे.” थोड्या वेळाने म्हणाली, “बरंच झालं. मेमध्ये जायचंच आहे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. दारात कॅप्टन, पोस्टाच्या जाड जाकिटात, पाठीवर ती पिशवी. रुंद खांद्यांची, तिशीतली बाई. आत येईना. बूट मळलेत म्हणाली. हिने शाळेतल्या पाठासारखी पाठ केलेली माफी मागायला सुरुवात केली, वाक्यं सगळी शुद्ध, व्याकरणाला धरून. कॅप्टनने मध्येच हात वर केला.

“ते राहू दे, लव्ह. मला एक सांग. हा रंग सगळ्यांना एकसारखा देता येईल का? आत्ता आम्ही कबुतरांच्या थव्यासारख्या दिसतो.”

हिला आधी कळेना. कॅप्टन म्हणाली, “आमची प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी जुनेऱ्यातली. हा रंग मात्र दुसऱ्या कुणाकडे नाही. मुलींना आवडलाय. लीगला मी फोन करते. तू रंगाचं बघ.”

दार लावून ही आत आली आणि जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली.  मग मला म्हणाली, “अहो, गॅरेजमधली मोठी पांढरी बादली काढून देता का?”

तेव्हापासून दर आठवड्याला आमच्याकडे नीळ घातली जाऊ लागली. कारण नीळ म्हणजे काही पक्का रंग नव्हे. धुतली की जाते, पावसात भिजली की उतरते, आणि इथल्या हिवाळ्यात कोरडा रविवार कुठला! मुली मैदानात उतरायच्या तेव्हा फिकट निळ्या असत. उत्तरार्धापर्यंत खांदे पांढरे होऊ लागत, आणि पांढऱ्या चड्ड्यांवर निळे ओघळ दिसत. सोमवारी पिशवी उघडली की आत पुन्हा तेच करडे, थकलेले कपडे. पुन्हा बादली, पुन्हा थेंब, पुन्हा ओंजळ. गोलकीपरचा शर्ट वेगळा असतो, तिचा हिरवा होता, त्यामुळे तिला हे सुख नव्हतं. तिने एक दिवस कुंपणावरून हळूच एक छोटा पांढरा टॉवेल पुढे केला. “याला घालाल?” तेव्हापासून तिच्या गोलच्या जाळीत, कोपऱ्यात, तो निळा टॉवेल लटकलेला असायचा. लांबून बघितलं की वाटे, राखाडी आभाळाचा तेवढाच तुकडा निवळला आहे.

निळीने सामने जिंकता येत नाहीत, हे मला कळतं. पण फेब्रुवारीत त्या पहिला सामना जिंकल्या. त्या संध्याकाळी जेवताना हिने पोळी ताटात तशीच ठेवली आणि म्हणाली, “अहो, असं करू. या मुली वरच्या डिव्हिजनमध्ये राहिल्या तर आपणही राहू. खाली गेल्या तर आपणही जाऊ.”

मी हसलो. ही हसली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी. आमचं उरलेलं आयुष्य कालव्याकाठच्या चिखलात कुठला चेंडू कुठे घसरतो यावर सोडणं मला पटण्यासारखं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ठरवायचं काम आमच्याकडून काढून कुणीतरी बावीस तरुण बायांकडे सोपवलं होतं. मी म्हटलं, “बरं.”

आणि मग मीही दर रविवारी जायला लागलो. पुस्तक बरोबर नेत असे, उघडत नसे. कुणाचे किती गुण, खाली कोण, वर कोण, हे मला पाठ झालं. पण मैदानाच्या कडेला उभा राहिलो की मला कळेनासं होई, की मी नक्की कुणाच्या बाजूने आहे. गोल झाला की मी ओरडायचो, आणि ओरडून झाल्यावर मनात यायचं, म्हणजे आता नाशिक नाही. गोल खाल्ला की वाईट वाटायचं, आणि त्याच वाईटात कुठेतरी सांगलीच्या घरातली संध्याकाळ उजळून जायची. हिच्याकडे पाहावं तर हिचा चेहरा काही सांगत नसे. ही फक्त शर्टांकडे बघत असे. माणूस वर्षानुवर्षं दोन देशांत अर्धा अर्धा राहतो, तेव्हा त्याची कुठलीच जीत पूर्ण नसते आणि कुठलीच हार पूर्ण नसते. त्या वसंतात मी फार दमलो. न खेळता दमलो.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी त्या तरत होत्या. सकाळपासून पाऊस. शेजारच्या बाई छत्री धरून आमच्याजवळ उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “मी शाळेत असताना मुलांच्यात खेळायचे. मग सांगितलं, मुलींना मैदान नाही. कारण कुणी सांगितलं नाही. पाऊस पडला की अजून माझ्या पायांना आठवतं.” मध्यंतरापर्यंत एक-एक होतं. नीळ तोवर सगळी उतरली होती. मुलींच्या मांड्यांवरून, मोज्यांवरून निळे थेंब गवतात जात होते, आणि शर्ट पुन्हा पूर्वीसारखे करडे झाले होते. सामना संपत आला होता. एक साधा चेंडू, कुणीही धरावा असा, उंचावरून आला. गोलकीपरने दोन्ही हातांत घेतला आणि तो तिच्या ओल्या हातमोज्यांतून सुटला. तिच्या पायांमधून, जवळजवळ संकोचाने, रेषेपलीकडे गेला. त्या मुलीने मागे वळून पाहिलंच नाही. जाळीतला टॉवेल काढला, त्यात तोंड लपवलं आणि तशीच उभी राहिली. कॅप्टन पळत आली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून परत मध्यावर गेली. “चल, अजून वेळ आहे!” ती ओरडली. वेळ नव्हता.

घरी येताना ओल्या कपड्यांची पिशवी हिने डिकीत ठेवू दिली नाही. मांडीवर घेतली. कोट भिजत होता, गाडीभर चिखलाचा वास भरला होता.  पावसाने दिवसाच अंधारून आलं होतं. घरी आल्यावर ही वर गेली, आणि नळ सोडल्याचा आवाज आला. मी जिन्याशी उभा राहून मनात वाक्य जुळवत होतो. नाशिकला फोन, घर विकायचं, मुलाला सांगायचं. शेवटी वर गेलो. ही टबाच्या काठावर बसून एकेक शर्ट पाण्यात सोडत होती.

मी म्हटलं, “मग, उद्या तिकिटांचं विचारू?”

हिने वर पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच, बाजारातून काय आणायचं ते सांगतानाचा.

“अहो, खालच्या डिव्हिजनला काय कपडे घालत नाहीत का?”

त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. नाशिकच्या मित्राला मी काहीतरी कारण सांगितलं. आम्ही राहिलो. त्या मुली खालच्या डिव्हिजनमध्ये खेळल्या, ही त्यांचे कपडे निळीत बुडवत राहिली. पुढे एका मोठ्या क्लबने ती टीम आपल्यात घेतली, नवे चकचकीत शर्ट आले, ज्यांना नीळ लागत नव्हती आणि चढलीही नसती. कॅप्टनचा गुडघा गेला. मुली लग्नं करून, नोकऱ्या बदलून पांगल्या. आमच्या बाथरूममधला हिरवा टब काढून पांढरा घातला, तेव्हा ही म्हणाली, “आता पाण्याचा रंग दिसेल, तर धुवायचे कुणाचे?” मग बहुतेक तेव्हापासूनच उरलेली सगळी नीळ माझ्या शर्टांना मिळत गेली असावी. मी ते कधी पाहिलं नाही. घालत राहिलो.

ही राहिली ती त्या मुलींसाठी, की माझ्यासाठी, की जाऊन तरी तिथे आता कोण ओळखेल या भीतीपोटी, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ही नाही. आजारपणाच्या शेवटी-शेवटी एकदा खिडकीतून बाहेरच्या दोरीकडे पाहत म्हणाली होती, “बरं झालं ना, त्या हरल्या ते?” मी म्हटलं, “का गं?” तोवर हिचा डोळा लागला होता. जिंकल्या असत्या तर ठरल्याप्रमाणे राहिलो असतो. हरल्या, तेव्हा ठरलेलं मोडून राहिलो. दोन्हींत फरक आहे, आणि तो समजायला मला इतकी वर्षं आणि एवढं रिकामं घर लागलं.

अंत्यविधीला क्रेमॅटोरियममध्ये मागच्या बाकावर एक उंच बाई बसली होती. पन्नाशी उलटलेली. बाहेर आल्यावर तिने माझा हात हातात घेतला तेव्हा ओळख पटली. तेच मोठे पंजे. म्हणाली, “तो टॉवेल अजून आहे माझ्याकडे.” मग जरा थांबून, जणू माझी माफी मागत, “निळा नाही राहिला.”

मघाशी मुलाचा फोन आला होता. त्याचं मराठी इथलं, मोडकंतोडकं, पण माझ्याशी तो तेच बोलतो. “बाबा, आईचे सगळे साडी चॅरिटी शॉपला द्यायचे का? मी शनिवारी येतो, हेल्प करतो.” मी म्हटलं, ये, बघू.

फोन ठेवून मी बाटलीत थोडं कोमट पाणी घातलं आणि बराच वेळ हलवत बसलो. पापडी विरघळली, सगळी नाही. गॅरेजमधली ती पांढरी बादली अजून आहे. तीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हाताने ढवळलं, ओंजळीत पाणी घेऊन खिडकीशी नेलं. आभाळाची नुसती आठवण म्हणजे किती, ते मला कळेना. शर्ट बुडवला, पिळला, पुन्हा दोरीवर घातला. एक खांदा गडद झाला आहे, कॉलर पिवळीच राहिली आहे, पाठीवर बोटांचे ठसे उमटले आहेत. कबुतरासारखा दिसतो.

आता ऊन कलतं आहे. शर्ट अजून ओला आहे, आणि त्याच्या टोकावरून मधूनच एक थेंब गवतात पडतो. हा रंग टिकायचा नाही. पुढच्या धुण्यात जाईल, मग पुन्हा घालावा लागेल. बाटली उन्हाकडे धरून पाहिली. तळाशी अजून थोडी आहे.